घरचा डोळा

आमच्या सरांच्या एकाच डोळ्यात काजळ असायचं, उजव्या. डावा कोरा. पन्नाशी उलटलेला माणूस, डोक्यावर विरळ केस, खिशाला दोन पेनं, पायात चपला आणि उजव्या डोळ्यात नवरीसारखं ठसठशीत काजळ. पहिल्या दिवशी मी हे बघितलं आणि गालातल्या गालात हसले. त्यांनी ते बरोबर टिपलं.

"हास माय, हास. समदेच हासतेत. हासून झालं की हे भिंग घे अन् माझ्या डोळ्यात काय दिसतं ते लिही."

मी भिंग घेतलं, बॅटरी धरली आणि लिहिलं, 'थोडी लाली. पाणी नाही. सूज नाही.' सरांनी कागद वाचला आणि म्हणाले, "उद्यापासून ये." माझी मुलाखत एवढीच.

जालना एमआयडीसीत लोखंडाच्या मिला आणि बियाण्यांचे कारखाने. त्यांच्या गर्दीत आमची काजळाची कंपनी चुकून आल्यासारखी वाटायची. पत्र्याच्या दोन शेड. एरंडेल, मेण, कापूर आणि काजळी एकत्र शिजवायची, छोट्या डब्यांत ओतायची, डबीवर गुटगुटीत बाळाचं चित्र चिकटवायचं. तो माल खेड्यापाड्यांच्या आठवडी बाजारांत जायचा आणि तिथून बाळांच्या डोळ्यांत. मी वाटूरची. केमिस्ट्रीची पदवी घेतलेली, जालन्यात खोली करून राहणारी. लॅब म्हणजे सर आणि मी, दोघंच. दारावर 'क्वालिटी' अशी पाटी होती, पण सगळे तिला डोळ्याची खोली म्हणायचे.

"हा डोळा कंपनीचा," उजव्या डोळ्याकडे बोट करून सर सांगायचे, "अन् हा घरचा. दोघांचं काम येगळं. एकमेकाच्या कामात पडायचं न्हाई."

हे ते अगदी गंभीरपणे पाळायचे. सुट्टीला कुंभार पिंपळगावला घरी गेले की काकू खोबरेल तेलानं त्यांचा उजवा डोळा पुसून द्यायच्या आणि मग सर तो डोळा मिटून टीव्ही बघत बसायचे. पाहुण्यांनी विचारलं तर म्हणायचे, कंपनीचा डोळा सुट्टीवर आहे. नातलगांच्या लग्नाच्या फोटोंत ते नेहमी डावी बाजू कॅमेऱ्याकडे करून उभे. एसटीत लोकांना वाटायचं, नवस असेल. एका कंडक्टरनं तर हळूच विचारलं होतं, "पोरगं व्हावं म्हून है का वो?" सर म्हणाले, "हो, लोकांच्या पोरांसाठीच है."

ही दोन डोळ्यांची वाटणी त्यांनी सशांकडून घेतली होती. तरुणपणी ते हैदराबादला एका प्रयोगशाळेत कामाला होते. तिथं क्रीम, शांपू, काजळ, सगळं सशांच्या डोळ्यांत टाकून बघायचे. सशाचं डोकं तेवढं बाहेर राहील अशा पेटीत त्याला अडकवायचं, एका डोळ्यात माल टाकायचा आणि दुसरा डोळा तसाच ठेवायचा, ताडून बघायला. मग ठरलेल्या वेळी लाली, सूज, पाणी यांचे आकडे मांडायचे. शून्य म्हणजे काही नाही. सरांनी ते काम किती वर्षं केलं ते कधी सांगितलं नाही.

"ससा वरडत न्हाई माय," एकदा चहा पिता पिता ते म्हणाले. "लई गरीब जनावर. एक डोळा गेलेला असायचा अन् दुसऱ्या चांगल्या डोळ्यानं तो माझ्याकडं पाहून राह्यलेला असायचा. त्या डोळ्याचं कुठंच लिहायचं नसायचं."

पुढे सशांवर बंदी आली. सरांना केवढा आनंद झाला होता म्हणे. पेढे वाटले त्यांनी. पण माल तर बाजारात जातच होता, आणि सरांच्या डोक्यात एकच गोष्ट बसली होती. लेकराच्या डोळ्यात जाणारी वस्तू आधी कुणाच्या तरी डोळ्यात गेली पाहिजे.

मी लागले तेव्हा आधी अंड्यांवर चाचणी व्हायची. नऊ दिवस उबवलेलं कोंबडीचं अंडं घ्यायचं, वरचं कवच काढायचं, आतला पापुद्रा उघडा करायचा. त्यावर लाल शिरांचं बारीक जाळं असतं. त्यावर तेलात कालवलेलं काजळ टाकायचं आणि पाच मिनिटं डोळ्यात तेल घालून बघायचं. शिरा फुटल्या, रक्त आलं, की माल वाईट. एवढ्या लहानपणी अंड्यातल्या जिवाला काही कळत नाही, असं मी पुस्तकात वाचलेलं सांगितलं, तर सर म्हणाले, "पुस्तक लिहिणारा अंड्यात बसून आल्ता का?" प्रत्येक अंड्याला ते "माफ कर बाबा" म्हणूनच हात लावायचे. वीज गेली की उबवणीच्या पेटीवर स्वतःचा स्वेटर टाकायचे आणि माझ्यावर ओरडायचे, "जल्दी गोधडी आन, लेकरं गार पडून राह्यलीत!" आणि त्याच लेकरांना दुसऱ्या दिवशी फोडायचे, शेडमागच्या कडुनिंबाखाली पुरायचे. मला हसावं की रडावं कळायचं नाही. अंडी चांगली निघाली तरच शेवटी माल स्वतःच्या डोळ्यात.

ही अंडी शेठनी बंद केली. शेठ म्हणजे मालक, शाकाहारी, भाविक माणूस. दसऱ्याला यंत्रांची पूजा चालली होती आणि सर नेमके अंड्यांचा ट्रे दोन्ही हातांत धरून आरतीसमोरून गेले. दुसऱ्या दिवशी उबवणीची पेटी लॅबमधून उचलली.

"सर, बाहेरच्या लॅबचा रिपोर्ट आहे ना आपल्याकडं?" शेठ म्हणाले. "एकदा काढला, बस झालं. रोज रोज कशाला हा तमाशा?"

"तो रिपोर्ट पहिल्या मालाचा है शेठ. दर घाण्याचा माल येगळा निघतो."

"मग तुमचा डोळा आहेच की."

शेठ हे चेष्टेनं म्हणाले होते. सरांनी ते मनावर घेतलं. त्या दिवसापासून चाचणी म्हणजे फक्त सरांचा उजवा डोळा.

त्यासाठी त्यांनी एक रजिस्टर केलं. दर मालाला एक पान आणि पानाला दोन रकाने. एकावर लिहिलं 'दिसलं', दुसऱ्यावर 'लागलं'. दिसलं ते मी लिहायचं, लागलं ते सरांनी. सकाळी दहाला ते काजळ घालायचे आणि भिंतीकडे तोंड करून बसायचे. मी ठरलेल्या वेळी भिंगातून बघायची. दिवस संपेपर्यंत एकमेकांचा रकाना बघायचा नाही, असा कडक नियम. संध्याकाळी दोन्ही जुळले की खाली दोघांच्या सह्या.

"मला काय वाटतं याच्यावर जाऊ नको," ते बजावायचे. "अन् माझ्या तोंडाकडं पाहू नको. तुला जे दिसतं तेच लिही, बिलकुल तेच. ससा बोलत नव्हता, तरी आमी बराबर लिहीत होतो ना?"

आता खरं सांगायची वेळ आली. सरांचा उजवा डोळा कायमच लाल असायचा. इतक्या वर्षांचं काजळ, वर लोखंडाच्या भट्ट्यांची धूळ. पहिल्या दिवशी मी जे 'थोडी लाली' लिहिलं तेच खरं होतं. नंतर मी ती रोजची लाली मनातल्या मनात वजा करायला लागले. कालच्याइतकीच लाल आहे ना, मग शून्य. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि मी सरांना कधी सांगितलंही नाही. मला ती हुशारी वाटत होती.

त्यातच शेठनी कापराऐवजी थंडाव्याची एक नवीन पावडर आणली. ती घातलेला पहिला माल तयार झाला. सरांनी तो डोळ्यात घातला, वाट बघितली, पुन्हा घातला आणि हसायला लागले.

"फसवलं शेठला कुणीतरी! थंडावा म्हून घेतली अन् काहीच लागत न्हाई. पिठी है का काय?"

आम्ही दोघंही पोट धरून हसलो. शेठसारख्या माणसाला कुणी गंडवलं याचा आनंदच झाला आम्हाला. संध्याकाळी मी भिंगातून बघितलं. लाली रोजच्यापेक्षा किंचित जास्त वाटली. पण मला वाटूरची गाडी गाठायची होती. दुसऱ्या दिवशी माझ्या भावाच्या मुलाचं बारसं होतं आणि मी एकुलती एक आत्या. मी 'शून्य' लिहिलं, सरांनी 'शून्य' लिहिलं, खाली सह्या केल्या. निघताना मी त्याच मालातली एक डबी पर्समध्ये टाकली. सर म्हणाले, "घेऊन जा, तपासलेली है."

बारशाला बाळाच्या डोळ्यांत काजळ घालायचा मान आत्याचा. मी बोटावर घेतलं आणि घातलं, दोन्ही डोळ्यांत, चांगलं कानाकडे ओढून. बाळानं असा टाहो फोडला की पाळण्याची गाणी थांबली. बायका हसल्या. "आत्याचा हात जड है गं बाई!" मीसुद्धा हसले. आमच्या कंपनीचं आहे, तपासलेलं आहे, असं दोन-दोनदा सांगितलं मी तिथं. वहिनीनं पुसून काढू का विचारलं, तर मी म्हणाले, राहू दे, छान दिसतंय.

संध्याकाळपर्यंत बाळाचे डोळे सुजून मिटले. ते सारखं मुठीनं चोळत होतं. चोळून चोळून जखम झाली, जखम चिघळली. जालन्याच्या डॉक्टरांनी आधी आम्हाला चांगलं झापलं, बाळाच्या डोळ्यांत काजळ घालतं का कुणी, म्हणून. मग औषधं दिली. एक डोळा सुधारला. दुसऱ्यात फूल पडलं. काळ्या बुबुळावर पांढरा ठिपका, तांदळाच्या कणीएवढा. मी जवळ गेले की वहिनी बाळाला नुसती दुसऱ्या खांद्यावर घेते, आजही.

मी ती डबी घेऊन कंपनीत गेले आणि सरांच्या टेबलावर आपटली. काय झालं ते सांगितलं. सरांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी डबी उघडली आणि उजव्या डोळ्यात काजळ घातलं.

"काही न्हाई," ते म्हणाले. पुन्हा घातलं. "काहीच न्हाई गं माय."

मग त्यांनी तेच बोट डाव्या डोळ्याला लावलं. घरच्या डोळ्याला. मी त्यांना असं करताना कधी बघितलं नव्हतं. मिनिटभरात तो डोळा लालबुंद झाला, पाण्याची धार लागली. सर खुर्चीत वाकडे झाले, पण डोळा त्यांनी धुतला नाही. औषधांच्या पेटीतला कापूस काढायला सांगितला मला. त्याचा एक बारीक धागा वळला आणि म्हणाले, "उजव्या बुबुळाला लाव."

"सर..."

"लाव म्हन्तो ना."

मी लावला. कुणाच्याही डोळ्याला धागा लागला तर पापणी आपोआप मिटते. सरांची हललीसुद्धा नाही. मी धागा बुबुळावर टेकवून उभी होते आणि तो डोळा उघडाच, माझ्याकडे बघत.

"लावला का?" सरांनी विचारलं.

मी मान डोलावली. त्यांना कळलं. त्यांनी रजिस्टर ओढून घेतलं आणि पानं उलटी चाळायला लागले. शून्य, शून्य, शून्य. दोन्ही रकान्यांत, पानामागून पान. प्रत्येक पानाचा माल कधीच गावोगाव गेलेला.

"कधीपासून गं माय?" ते म्हणाले. "हा डोळा मेलाय कधीपासून?"

मला माहीत नव्हतं. त्यांनाही नव्हतं. आणि माझ्या रकान्याचं काय, ते मी त्या दिवशीही सांगितलं नाही. ते सांगितलं असतं तर निदान एकट्या त्यांच्यावर आलं नसतं.

शेठकडे आम्ही दोघं गेलो. माल परत मागवा, सर म्हणाले. शेठनी शांतपणे ऐकून घेतलं. "एमआयडीसीत कुणाचे डोळे लाल नाहीत सर?" म्हणाले. मी सांगितलं की बाळ वाटूरचं आहे, तिथं भट्ट्या नाहीत. तेव्हा शेठनी रजिस्टर उघडून आमच्याच सह्यांवर बोट ठेवलं. "तुम्हीच पास केला ना माल? तुमचंच पुस्तक सांगतंय." सर उठले, खिशातली दोन्ही पेनं टेबलावर ठेवली आणि गेले. मी राहिले. दुसरीकडे नोकरी नव्हती, हे खरं आहे, पण लाज वाटते ती वाटतेच.

वर्ष होत आलं आणि सरांचा फोन आला. "दिसलं-चा रकाना रिकामा पडून राह्यला. तू ये."

मी कुंभार पिंपळगावला गेले. बाजाराचा दिवस होता. घराच्या ओसरीत एका फळीवर आमच्या कंपनीच्या काजळाच्या डब्या ओळीनं मांडलेल्या, प्रत्येकीवर मालाचा नंबर. सर आसपासच्या गावांचे बाजार फिरून दुकानदारांकडच्या जुन्या डब्या गोळा करत होते. शेवटच्या मालापासून एकेक माल मागे जायचं, डाव्या डोळ्यात घालायचं, चुरचुरलं की त्याच्या आधीचा घ्यायचा. जो माल निर्दोष निघेल तिथपर्यंत उजवा डोळा जिवंत होता असं धरायचं. त्यांना तारीख हवी होती. कुठल्या दिवसापासून लेकरांच्या डोळ्यांत वाईट माल गेला, ती तारीख.

"अन् ती सापडल्यावर काय करणार सर?"

"कळंल तरी," ते म्हणाले. "सशाचं तरी लिहून ठेवलं होतं ना आमी."

काकूंनी मला चहा करण्याच्या निमित्तानं आत बोलावलं. "मला लाल है का न्हाई विचारतेत, मी लाल है तर लाल सांगते. मंग आणखी मागची डबी काढतेत. कव्हा थांबायचं हे? तुमी म्हना बाई एकदा शून्य. तुमचं ऐकतेत ते. तो डोळा गेला तर दुसरा कुठं है?"

काकूंचं म्हणणं मला पटत होतं, आणि त्याहून एक गोष्ट मला भिंगाशिवाय दिसत होती. रोज काजळ घालून डावा डोळाही आता कायमचा लाल झाला होता. असल्या डोळ्यात कुठलाच माल निर्दोष ठरणार नव्हता. फळीवरच्या डब्या संपेपर्यंत सर मागे मागे जातच राहिले असते.

त्यांनी माझ्यासमोर काजळ घातलं. भिंतीकडे तोंड करून बसले, तसेच. वेळ झाल्यावर वळले आणि म्हणाले, "पाह्य. माझ्या तोंडाकडं पाहू नको. दिसतं तेच लिही."

मी भिंग धरलं. पांढऱ्या भागात कडेपर्यंत लाली भरली होती. असली लाली लिहायची तर सगळ्यात वरचा आकडा लिहावा लागला असता. पाणी मात्र एक थेंबही नव्हतं. ते माझ्या लक्षात आलं, पण त्याचा अर्थ तेव्हा मी लावला नाही. मला एवढंच कळत होतं की हे थांबलं पाहिजे. आणि मी आधी इतक्या वेळा लिहिलं होतं तेच पुन्हा लिहिलं. शून्य. फरक एवढाच की या वेळी मला माहीत होतं मी काय लिहितेय.

मनाची तयारी केली होती मी. ते म्हणतील, माय, खोटं का लिहून राह्यलीस, मला तर आग होऊन राह्यली. त्यांच्या रकान्यात काहीतरी आकडा असणार आणि दोन रकाने जुळणार नाहीत. मी पकडली जाणार. पकडलं जावं असंही वाटत होतं.

सरांनी माझा रकाना वाचला, कागद नाकाला लावून. त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. कितीतरी दिवसांनी मी त्यांना हसताना बघितलं.

"बराबर," ते म्हणाले. "मलाबी काही लागलं न्हाई."

त्यांनी स्वतःच्या रकान्यात शून्य काढलं, खाली सही केली, माझी घेतली. मालाचा नंबर वहीत लिहिला आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. काकूंना हाक मारून सांगितलं, झालं गं, सापडलं. काकूंनी पदरानं डोळे पुसत माझ्याकडे बघितलं, उपकार झाल्यासारखं. फळीवर कापसाची पुडी होती, माझ्या हाताच्या अंतरावर. मी ती उचलली नाही.

परतीच्या गाडीत मी एकच गोष्ट घोकत होते. सर खोटं बोलले असतील. मला वाईट वाटू नये म्हणून, काकूंना वाईट वाटू नये म्हणून, डोळ्याची आग सोसून त्यांनी ते शून्य लिहिलं असेल. अजूनही रोज मी तेच घोकते. पण मी त्यांच्या शेजारी बसून एवढी वर्षं काम केलंय, आणि सरांनी त्यांच्या रकान्यात कधीही खोटं लिहिलं नाही.